पिशवी निघाली, पण संडास थांबेना

पत्र

माझ्या यजमानांचं वय ५६, वजन आता ५८ किलो. गुदाशयाचा कर्करोग होता. आधी रेडिएशन, मग ऑपरेशन, मग केमो. या सगळ्यात सात महिने पोटावर शौचाची पिशवी होती. सोळा दिवसांपूर्वी आतडं पुन्हा जोडून पिशवी बंद केली आणि पाचव्या दिवशी घरी सोडलं. घरी आल्यापासून दिवसाला पंधरा-सोळा वेळा संडास, रात्री तीन-चारदा उठणं. जागेची आग होते, बसवत नाही. त्या भीतीने त्यांनी खाणंच सोडलंय. सकाळी पेज, संध्याकाळी साबुदाण्याचं पाणी, बाकी चहा. चार किलो वजन उतरलं. सासूबाई म्हणतात पालेभाजी खा म्हणजे घट्ट होईल, भाचा म्हणतो इसबगोल घ्या, शेजारच्या काकू म्हणतात पोटाला आराम द्या. पिशवीच्या जागी एक भोक राहिलंय, त्यातून पाणी येतं. त्यांना मधुमेह आहे (मेटफॉर्मिन चालू आहे), बीपीच्या गोळीत लघवीची गोळीही आहे. अंडी-मासे चालतात. परवा म्हणाले, "यापेक्षा पिशवी बरी होती." पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न पुण्याला आहे. नेऊ की नको?

— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर

ताई, आधी एक सांगतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट पंधरा-सोळा वेळा संडास होणं ही नाही. ते या ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात अनेकांचं होतं. काळजीची गोष्ट म्हणजे पेज, साबुदाण्याचं पाणी आणि चहा. यजमान जेवण बंद करून संडास थांबवायला बघतायत, आणि आतड्याचं गणित नेमकं उलट आहे.

पोटात अन्न गेलं नाही तरी पित्त आणि पाचकरस पाझरतच राहतात. एरवी लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज साधारण एक ते दीड लिटर पातळ द्रव उतरतो. मोठं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं आणि शेवटी शंभर-दोनशे मिली उरतं. शौच आधीच पिशवीत जात होतं, म्हणून त्यांचं मोठं आतडं सात महिने रिकामं होतं. त्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः अन्नाच्या चोथ्यापासून जिवाणू जे आम्ल बनवतात त्यावर जगतात. चोथाच येत नव्हता म्हणून अस्तर पातळ झालं, कामाची सवय गेली. ती परत यायला त्याच्यात पुन्हा अन्न जावं लागतं. उपाशी राहिलं की त्यात उतरतं फक्त पित्तमिश्रित पाणी, आणि तेच जागेची आग करतं. तुम्ही बघितलं असेल, पेजेच्या दिवशी होतं ते हिरवट-पिवळं, पाण्यासारखं आणि झोंबणारं. भात खाल्लेल्या दिवशी वेळा तितक्याच असतील कदाचित, पण ते दाट असतं.

दुसरं कारण खाण्याशी संबंधित नाही, पण ते माहीत असलं की जीव थोडा हलका होतो. गुदाशय म्हणजे साठवणीची टाकी. ऑपरेशनमध्ये ती बरीचशी काढली आणि वरचं आतडं खाली ओढून जोडलं. ते अरुंद असतं, ताणत नाही, आणि आजूबाजूचा भाग रेडिएशनने कडक झालेला असतो. म्हणून थोडं आलं की लगेच घाई, गेल्यावर पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही, दहा मिनिटांनी पुन्हा, अर्ध्या तासाने पुन्हा, मग तीन तास काही नाही. वारा सरतोय की शौच येतंय हेही कळत नाही. या सगळ्याला डॉक्टर 'लो अँटिरियर रिसेक्शन सिंड्रोम', थोडक्यात 'लार्स' म्हणतात. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी २०१२ साली पाच प्रश्नांची एक गुणपत्रिका केली. ० ते २० म्हणजे त्रास नाही, २१ ते २९ सौम्य, ३० ते ४२ जास्त. पुढच्या तपासणीला सर्जनना सांगा, आज हे गुण काढून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा काढा. रोज बघणाऱ्याला सुधारणा दिसत नाही, कागदावर दिसते.

आता तिघांच्या सल्ल्यांविषयी. शेजारच्या काकूंचं उत्तर वर आलंच. सासूबाईंची पालेभाजी सध्या नको. मेथी, पालक, शेपू, अंबाडी यांतला बराचसा चोथा पाण्यात विरघळत नाही, तो आतड्याला पुढे ढकलतो. बद्धकोष्ठाला तो औषध, आणि इथे आगीत तेल. भाचा बरोबर आहे, पण अर्धा.

इसबगोल दोन्हीकडे चालतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. रात्री ग्लासभर कोमट पाण्यात किंवा दुधात घेतलं, वर आणखी पाणी प्यायलं, तर सकाळी पोट साफ. तेच एक सपाट चहाचा चमचा पाव वाटी दह्यात किंवा अर्ध्या कप पाण्यात कालवून, घट्ट व्हायच्या आत जेवण संपल्याबरोबर घेतलं आणि पुढचा अर्धा तास पाणी टाळलं, तर ते आतड्यातलं पाणी स्वतःत धरून ठेवतं आणि शौच एकत्र येतं. पुन्हा पुन्हा थोडं थोडं होण्यावर तर हा चांगला उपाय. पण अर्ध्या चमच्याने, दिवसातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर सुरू करा आणि तेही सर्जनना विचारून. नवीन जोड पहिले काही आठवडे सुजलेला असतो. अशा अरुंद जागी इसबगोलाचा गोळा अडकू शकतो. पोट फुगलंय, वारा सरत नाहीये असं असेल त्या दिवशी इसबगोल बंद. आणि कोरडं तर कधीच तोंडात टाकू नये, घशात चिकटतं.

खाण्यातला बदल आजपासून करा. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी. पोट एकदम भरलं की पुढचं आतडं आपोआप जोराने हलतं. जेवणानंतर लगेच पळावं लागतं ते त्यामुळे. वेळा घड्याळाने पाळा, कारण आतड्याला खरोखर वेळापत्रक कळतं. जेवताना पाणी घोट-घोट, खरं पाणी दोन खाण्यांच्या मध्ये.

साधारण असा दिवस ठेवा. आठ वाजता दोन इडल्या किंवा तांदळाची उकड, सोबत एक उकडलेलं अंडं. ओल्या नारळाची चटणी नको, दही चालेल. साडेदहाला नाचणीचं सत्त्व (गाळलेलं सत्त्व, पीठ नाही) ताकात शिजवून, आणि अर्धं पिकलेलं केळं. एक वाजता दीड वाटी गुरगुट्या भात, वाटीभर घट्ट मुगाचं वरण, चमचाभर तूप, सालं काढून मऊ शिजवलेला दुधी किंवा बटाटा, अर्धी वाटी दही आणि शंभर ग्रॅम मासा. पापलेट किंवा रावस, वाफवून किंवा हलक्या तेलात. काटे बघून काढा. चार वाजता अर्धी वाटी साबुदाण्याची दाट खीर, साखर नावाला, आणि पन्नास ग्रॅम पनीर. सात वाजता पुन्हा मऊ भात आणि वाटीभर वरण, अर्धी वाटी दही, दोन अंड्यांची भुर्जी, मिरची न घालता. नऊला झोपण्यापूर्वी एखादा टोस्ट. रात्रीचं मुख्य जेवण सातच्या पुढे जाऊ देऊ नका. जेवणाने आतडं हलतं ती वेळ झोपेच्या आत निघून गेली पाहिजे.

हिशेब करून बघा. जखम भरायला रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५८ किलोला ७० ते ८७ ग्रॅम. तीन अंडी १८, मासा १८ ते २०, पनीर ९, दोन वाट्या घट्ट वरण १० ते १२, दही ५, भात-इडली-सत्त्व-टोस्ट मिळून आणखी दहा-बारा. सत्तरच्या वर जातं. पेज आणि साबुदाण्याच्या पाण्यात दिवसाला पाच ग्रॅमही होत नाहीत. ज्या दिवशी मासा नसेल त्या दिवशी पनीर आणखी शंभर ग्रॅम वाढवा. साधं दूध पोटात गुरगुरत असेल तर तूर्त दही-ताकावर राहा. केमोनंतर काहींना दूध काही महिने पचत नाही, मग पुन्हा पचायला लागतं.

साबुदाणा, केळं, पांढरा भात, उकडलेला बटाटा, सफरचंदाचं सालं काढून शिजवलेलं गर, दही, टोस्ट ही आपल्याकडची 'बांधणारी' मंडळी. प्रत्येक खाण्यात यातलं एक तरी असू द्या. मेतकूट-भातही चालेल. मेतकूट बारीक दळलेलं असतं, पण त्यात तिखट किती आहे ते चाखून बघा. साबुदाण्याची खिचडी मात्र नको, आणि त्याचं कारण साबुदाणा नाही, दाण्याचं कूट आहे.

इथे आपलं मराठी स्वयंपाकघर जरा आडवं येतं. भाजी मऊ शिजवली, सालं काढली, सगळं केलं आणि शेवटी सवयीने मूठभर कूट आणि वर ओलं खोबरं पेरलं, तर सगळी मेहनत गेली. शेंगदाण्याचे जाड कण आणि खोबऱ्याचा कीस जवळजवळ जसेच्या तसे पुढे जातात. पिशवी असताना आतडं तुंबवणाऱ्या पदार्थांत खोबरं का होतं ते तुम्हाला आठवत असेल. पहिले सहा आठवडे दोन्ही बंद ठेवा. फोडणीतली मोहरी थोडीच घाला, कढीपत्ता आणि कोथिंबिरीचे देठ काढून ठेवा. हिरवी मिरची आणि लाल तिखट बाहेर पडतानाही तितकंच झोंबतं, म्हणून जागा बरी होईपर्यंत फोडणी जिरं-हिंगाची. चणाडाळ, मटकी, हरभरा, कोबी, फ्लॉवर, कांदा वायू करतात. आत्ता वारा आणि शौच यांतला फरक कळत नाही तेव्हा ते टाळलेलेच बरे. बिनसाखरेच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांत बऱ्याचदा सॉर्बिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, ते स्वतःच जुलाब करतं. मधुमेही माणसाच्या घरी ती असतातच, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि चहा. तुम्ही "बाकी चहा" लिहिलंय म्हणजे पाच-सहा कप असावेत. कॅफिन आतड्याला हलवतं. दिवसाला दोन अर्धे कप, तेही काहीतरी खाल्ल्यावर. सकाळी उपाशीपोटी चहा म्हणजे घाईला आमंत्रण.

पाणी किती? दिवसभरात सगळं मिळून दोन ते अडीच लिटर. शौच पाण्यासारखं असेल त्या दिवशी त्यातलं एक लिटर ओआरएस. पाकिटं दोन मापांची येतात, मोठं एका लिटरचं, छोटं २०० मिलीचं. पाकिटावरचं वाचून तेवढ्याच पाण्यात विरघळवा. छोटं पाकीट लिटरभर पाण्यात टाकणं ही नेहमी होणारी चूक, मग त्यात औषध उरतच नाही. एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, दिवसभरात घोट-घोट गेलं तर मधुमेहात ते परवडतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानातली फळांच्या चवीची डबाबंद पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यांत साखर जास्त आणि मीठ कमी असतं, त्याने उलट पाणी ओढलं जातं. लघवीचा रंग बघत जा. फिकट पिवळी हवी. गडद, थोडी आणि दिवसातून दोन-तीनदाच होत असेल, तर शरीरातलं पाणी कमी पडतंय.

यावरून त्यांच्या गोळ्यांकडे. डॉक्टरांना फोन आजच करा, उद्यावर टाकू नका. जुलाब चालू असताना लघवीची गोळी आणखी पाणी काढते, बीपी एकदम उतरू शकतं, मूत्रपिंडावर ताण येतो. अशा वेळी मेटफॉर्मिनही तपासून घ्यावं लागतं, आणि मेटफॉर्मिनने मुळातच अनेकांना पातळ होतं. डॉक्टर कदाचित काही दिवस थांबवतील, डोस कमी करतील किंवा हळू विरघळणारी गोळी देतील. तुमच्या मनाने बंद करू नका, पण विचारल्याशिवाय चालूही ठेवू नका. आणखी एक, मधल्या काळात भात-साबुदाणा वाढणार, त्यामुळे साखर घरी दिवसातून दोनदा मोजून लिहून ठेवा. साखर वाढली म्हणून खाणं कापायचं नाही, औषध बदलायचं. हे मधुमेहाच्या डॉक्टरांनाही स्पष्ट सांगा. कधी कधी दोन डॉक्टरांचे दोन तक्ते घरात येतात आणि पेशंट मधल्या मध्ये उपाशी राहतो.

त्याच फोनवर लोपेरामाईडबद्दल विचारा. जुलाब थांबवणारी ही २ मिलिग्रॅमची गोळी. बहुतेक जण ती चुकीच्या वेळी घेतात, म्हणजे दोन-तीन वेळा जाऊन आल्यावर. इथे ती जेवणाच्या आधी अर्धा तास घ्यायची असते, म्हणजे जेवणाने आतडं हलायच्या वेळी ती कामाला लागलेली असते. साधारणपणे न्याहारी आणि रात्रीच्या जेवणाआधी एकेक अशी सुरुवात होते, रात्रीच्या उठण्यासाठी झोपताना एक. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसाला १६ मिलिग्रॅमपर्यंत देतात, पण आपल्या आपण ८ च्या, म्हणजे चार गोळ्यांच्या पुढे जायचं नाही. जास्त डोसने हृदयाचे ठोके बिघडतात. ताप असेल, पोट फुगलं असेल, शौचात रक्त असेल किंवा नुकतीच अँटिबायोटिक्स होऊन एकदम पाण्यासारखे, घाण वासाचे जुलाब लागले असतील तर ही गोळी घ्यायचीच नाही, आधी तपासणी. दोन दिवस शौचच झालं नाही तर पुढचा डोस चुकवा. सारक औषध किंवा एनिमा, सपोझिटरी घरच्या घरी मुळीच नको. खाली जोड आहे, तिथे नळी किंवा वडी घालायची ती सर्जनना विचारूनच.

जागेच्या आगीचं बघू. टिश्यू किंवा सुगंधी ओले रुमाल बंद. कोमट पाण्याने धुवा. जेट असेल तर धार अगदी हळू, नाहीतर मग्याने. साबण रोज एकदा, तोही सौम्य. मग जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा मऊ तुकडा घेऊन टिपा, पुसू नका. त्यावर झिंक ऑक्साईडचं मलम, पावाला लोणी लावतो तेवढा जाड थर. नंतरच्या वेळी मलम पूर्ण खरवडून काढायचं नाही, वरची घाण तेवढी धुवायची आणि नवीन थर द्यायचा. दर वेळी घासून काढलं तर मलमापेक्षा घासण्याने कातडी जास्त सोलते. दिवसातून दोनदा टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसवा, त्यात जंतुनाशक घालू नका. चार-पाच दिवसांत फरक नसेल, खाज सुटून बारीक पुरळ किंवा पांढरट थर दिसत असेल तर बुरशी असू शकते, वेगळं मलम लागतं.

पोटावरचं भोक बहुधा मुद्दाम ठेवलेलं आहे. पिशवीची जागा कितीही धुतली तरी जंतू असतातच, म्हणून अनेक सर्जन बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका ओढतात आणि मध्ये छोटं तोंड ठेवतात. आतलं पाणी तिथून निघून जातं आणि जखम आतून वर भरत येते. फिकट गुलाबी किंवा पिवळसर पातळ पाणी ठीक आहे. भरायला तीन ते सहा आठवडे लागतात, मधुमेहात थोडे जास्त. रोज आंघोळ, स्वच्छ पाणी, कोरडं गॉझ. हळद भरू नका, तेल नको. पू, वास, भोवती पसरत जाणारी लाली, किंवा त्या भोकातून शौचाच्या रंगाचं काही आलं तर त्याच दिवशी दाखवा.

तिथला पोटाचा स्नायू अजून कच्चा आहे, हर्निया होतो तो याच जागी. सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. भरलेली बादली पंधरा ते वीस किलोची असते, घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीसच्या आसपास. खोकताना-शिंकताना त्या जागेवर उशी दाबून धरायची. चालणं मात्र रोज, दहा मिनिटांपासून वाढवत अर्ध्या तासापर्यंत. वारा मोकळा व्हायला याहून चांगलं औषध नाही.

संडासात गेल्यावर जोर लावायचा नाही. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल ठेवा, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. एकदा झाल्यावर लगेच उठू नये, दोन-तीन मिनिटं शांत बसावं. पण दहा मिनिटांच्या पुढेही बसायचं नाही, तिथे मोबाईल नेऊ देऊ नका. घाईवर हळूहळू ताबा मिळवायचा तर कमोडवर बसूनच एक मिनिट रोखून धरायचं, जमलं की दोन, मग पाच, मग संडासाच्या दाराबाहेर खुर्चीवर. बसल्या जागी असल्याने फजितीची भीती नसते. सोबत ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम. वारा अडवताना आपण जो स्नायू आवळतो तोच आवळायचा, कुल्ले आणि पोट सैल ठेवून. पाच सेकंद आवळून दहा सेकंद सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग पाचाचे दहा सेकंद करा. श्वास रोखला जात असेल तर चुकतंय, मोठ्याने आकडे मोजायला सांगा म्हणजे श्वास चालू राहील. कधी सुरू करायचं ते सर्जनना विचारून घ्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून नवीन पदार्थ एकेक वाढवा, तीन दिवसांना एक. एक वही करा. चार रकाने: वेळ, काय खाल्लं, कितीदा आणि कसं झालं, गोळी कधी. लाल भोपळा आणि गाजर शिजवून, मग चाळलेल्या कणकेची मऊ पोळी, मग ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून. पालक सहाव्या आठवड्यानंतर, शिजवून मिक्सरमधून काढून. मुगाची उसळ त्याच्याही पुढे. शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस, सुकं अंजीर, डाळिंबाचे दाणे, कच्ची कोशिंबीर शेवटी, आणि चावून चावून. एखाद्या पदार्थाने त्रास झाला तर तो कायमचा बाद करू नका, पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. एका वाईट दिवसावरून दहा पदार्थ वगळत गेलेले लोक शेवटी तुमच्या यजमानांसारखे पेजेवर येतात.

खालीलपैकी काही झालं तर मात्र वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. १००.४ च्या वर ताप, वाढत जाणारी पोटदुखी, छातीत धडधड. पोट टम्म, उलट्या आणि वारा-शौच दोन्ही बंद. शौचात बरंच रक्त. उभं राहिल्यावर चक्कर, सहा-आठ तास लघवीच नाही. जोडातून गळती किंवा आतडं अडकणं अशीच सुरू होतात, आणि रात्रभर वाट बघण्यात नुकसान असतं.

"पिशवी बरी होती" याचं काय? त्यांना गप्प करू नका. सात महिन्यांत पिशवी हाताळायची सवय झाली होती, आता ताबा पुन्हा गेला, राग येणारच. खरं तेवढं सांगतो. पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत बराच फरक पडतो, त्यानंतर हळूहळू वर्षभर, कधी दोन वर्षंही सुधारणा होत राहते. आजारापूर्वीसारखं रोज सकाळी एकदा हे बहुधा परत येणार नाही. दिवसाला तीन ते पाच वेळा, सांगून येणारं, रात्री झोप मोडणारं नसलेलं, असं झालं तर ते यश समजा. सहा महिन्यांनीही दिवस संडासाभोवतीच फिरत असेल तर पुढचे उपाय आहेत. पेल्विक फ्लोअरचे (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे) फिजिओथेरपिस्ट, खालून पाणी घालून आतडं एकदाच रिकामं करायची शिकवलेली पद्धत, कंबरेच्या नसांना उत्तेजन देणारं छोटं यंत्र. विचारल्याशिवाय ते बऱ्याचदा कुणी सांगत नाही, म्हणून विचारा.

लग्नाला न्या. तोपर्यंत दीड महिना होईल. जयसिंगपूर ते पुणे पाच तास धरा, आणि एसटीपेक्षा गाडी ठरवा म्हणजे थांबणं आपल्या हातात. दर दीड तासाला ठरवून थांबा, लागली नसली तरी. निघण्याआधी तीन तास जड काही नको, अर्धा तास आधी गोळी (डॉक्टरांनी चालू केली असेल तर). प्रवासाच्या बॅगेत एक जास्तीची पँट, दोन चड्ड्या, मोठ्यांचे पॅड, झिंकचं मलम, मऊ फडकं, पाण्याची बाटली, घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी. सीटवर जुनी चादर चौघडी करून टाका. हॉलवर गेल्यागेल्या संडास कुठे आहे ते तुम्ही बघून या आणि त्यांना दाराजवळची खुर्ची द्या. पंगतीत साधा भात, वरण, तूप, आणि मठ्ठ्यातली मिरची-कोथिंबीर बाजूला काढून वाटीभर मठ्ठा. मसालेभातावर खोबरं पेरलेलं असेल, तो नको. अर्धी जिलबी मागितली तर रक्तातली साखर मोजून द्या, एवढं चालतं.